एकविसावा दिवस

घरांत मृत्यु झाला म्हणजे आपल्याकडे दिवसांची मोजदाद आपोआप सुरू होते. तिसऱ्या दिवशीं अस्थि गोळा करावयाच्या, दहाव्यास पिंड, पुढें अकरावा, बारावा, तेरावा. कोणी पंचांग पाहतो, कोणी भटजींस निरोप धाडतो, दूरच्या आप्तांस पूर्वीं तार जात असे, आतां दूरध्वनि जातो. सातपुड्यांतल्या पाड्यांवर विधि निराळे असतात, परंतु दिवसांचा हिशेब तेथेंहि चुकत नाहीं. ह्या सगळ्या गणनेंत एक दिवस मात्र कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं, आणि तो म्हणजे एकविसावा. तेरावा आटोपून पाहुणे आपापल्या गांवीं परतले कीं त्यानंतर आठच दिवसांनीं तो उगवतो आणि कोणास न कळत मावळतो. १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी अधिनियमान्वयें मृत्यूची खबर निबंधकास देण्याची मुदत त्या दिवशीं संपते.

हा अधिनियम महाराष्ट्रांत १ एप्रिल १९७० पासून अमलांत आला. एकवीस दिवसांच्या आंत खबर दिली तर नोंदीस फी पडत नाहीं, आणि खबर देणाऱ्यास दाखल्याची एक प्रत फुकट मिळते. ही प्रत नोंद पुरी झाल्यापासून सात दिवसांच्या आंत द्यावी असें बंधन २०२३ च्या दुरुस्तीनें निबंधकावर घातलें आहे. एकविसावा दिवस टळला तरी तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून काम भागतें. पुढें एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी काढावी लागते. आणि वर्ष उलटलें कीं दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणल्यावांचून वहींत ओळ चढत नाहीं. पूर्वीं हा हुकूम प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयांतून मिळवावा लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत, किंवा जिल्हाधिकाऱ्यांनीं नेमून दिलेला कार्यकारी दंडाधिकारी ह्यांच्याकडे आला. मुदत चुकली म्हणून मृत्यु कांहीं खोटा ठरत नाहीं. तो खरा ठरविण्याची मेहनत मात्र महिन्यागणिक वाढत जाते.

खबर कोणीं द्यावयाची, हें अधिनियमानें स्पष्ट सांगितलें आहे. मृत्यु घरीं झाला तर कुटुंबप्रमुखानें, तो नसेल तर घरांतल्या जवळच्या नातेवाइकानें. रुग्णालयांत झाला तर तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यानें. आणि बेवारशी प्रेत उघड्यावर सांपडलें तर गांवांत पोलीस पाटलानें, अन्यत्र पोलीस ठाण्याच्या अंमलदारानें. खेड्यांत निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्यास आतां ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नंदुरबार, शहादें, तळोदें, नवापूर ह्या शहरांत नगरपालिकेचा जन्म-मृत्यु विभाग. इतपत माहिती पुष्कळांस असते.

मुदतीपेक्षां अधिक घोटाळा होतो तो स्थळाविषयीं. मृत्यूची नोंद, मनुष्य जेथें राहत होता तेथें होत नाहीं. तो जेथें मेला तेथें होते. वाक्य लहान आहे, परंतु नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत ह्या वाक्यापायीं किती विधवांस किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, ह्याची कल्पना शहरांतल्या सुशिक्षित घरांस सहसा नसते. जिल्ह्याच्या पश्चिमेस गुजरात, उत्तरेस नर्मदा आणि पलीकडे मध्यप्रदेश. दिवाळी झाली कीं येथील हजारों आदिवासी माणसें पोटामागें दक्षिण गुजराथेंत, बारडोली-सुरतेकडील साखर कारखान्यांच्या उसावर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात. तेथें नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ असेंच म्हणतात. मुकादम माणसें मोजीत नाहीं, कोयते मोजतो.

अशा एखाद्या कोयत्यांतला पुरुष फडांत आजारी पडतो, सुरतेच्या सरकारी रुग्णालयांत नेला जातो आणि तेथें मरतो. त्याची बायको, बरोबरचे दोघे भाऊबंद, भाड्याची गाडी, रात्रभराचा प्रवास, पहांटे पाड्यावर प्रेत, दुपारीं अंत्यविधि. दीड-दोन महिन्यांनीं ती ग्रामपंचायतींत दाखला मागावयास जाते तेव्हां तिला सांगण्यांत येतें कीं मृत्यु येथें झालेला नाहीं, सबब येथें नोंद होणार नाहीं. सांगणारा कायद्यास धरूनच बोलत असतो. परंतु तिच्या दृष्टीनें पाहिलें तर ज्या गांवीं नवरा जन्मला, वाढला, ज्या गांवच्या मसणवटींत त्याचा शेवट झाला, तें गांवच म्हणतें कीं तो आमच्याकडे मेला नाहीं. नोंद असते ती सुरतेच्या महापालिकेच्या दप्तरांत, दीडशें कोसांवर असल्यासारखी.

आणि तेथें ती सांपडली तरी निराळीच अडचण उभी राहते. आपल्याकडे जो वसावे तो गुजराथेंत वसावा होतो. आपल्याकडचा गावित तेथें गामीत लिहिला जातो. कुळ एकच, नांव एकच, पण सीमेच्या दोन बाजूंस त्याचे दोन उच्चार रुळलेले आहेत, आणि कारकुनानें ऐकलें तसें, नव्हे, त्याच्या कानास सवयीचें होतें तसें लिहिलें. त्यांत पहिलें नांव घरचें, बुध्या किंवा सोम्या. आधार कार्डावर बुधा किंवा सोमा. दाखला गुजराती लिपींत. तो घेऊन बाई तहसील कचेरींत आली म्हणजे टेबलापलीकडचा मनुष्य दोन कागद शेजारीं ठेवतो आणि म्हणतो, हा मनुष्य निराळा दिसतो.

ह्यावर उपाय रुग्णालयाच्या दारांतच करावयाचा असतो, आणि तो फार साधा आहे. प्रेत ताब्यांत घेण्यापूर्वीं बरोबरच्या एकानें आधार कार्ड काढून त्यावरील नांव, वडिलांचें नांव, आडनांव व कायमचा पत्ता अक्षर न् अक्षर उतरवून द्यावा, लिहिलेलें वाचून घ्यावें, आणि ही नोंद कोणत्या कचेरींत जाणार हें विचारून एका चिठ्ठीवर टिपून घ्यावें. दुःखाच्या वेळीं हें सुचत नाहीं, हें खरें. म्हणूनच तें दुसऱ्या कोणीं तरी करावें. मुकादमानें, शेजाऱ्यानें, सोबतच्या शिकलेल्या पोरानें. फडावरच्या झोपडींत मृत्यु झाला तर खबर त्या गांवच्या पंचायतींत. वाटेंत गाडींत झाला तर नियम असा कीं गाडी जेथें प्रथम थांबेल तेथें, गाडी ज्याच्या ताब्यांत असेल त्यानें खबर द्यावी. भाड्याच्या गाडीचा चालक हें करील अशी अपेक्षा ज्यानें नियमांत घातली त्यानें रात्रींचा तो घाट पाहिलेला नसावा.

नवापूरचें रेल्वे स्टेशन ह्या बाबतींत पाहण्यासारखें आहे. सुरत-भुसावळ मार्गावरील हें स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होण्यापूर्वीं बांधलेलें. १९६० सालीं जी सीमारेषा आंखली गेली ती नेमकी त्याच्या फलाटावरून गेली. फलाटावर एक बांक आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रांत आणि अर्धा गुजराथेंत; प्रवासी हौसेनें त्यावर बसून छायाचित्रें काढतात. ज्याच्या घरीं मृत्यूच्या नोंदीसाठीं खेटे घालणें चाललेलें आहे, त्यास मात्र त्या बांकाकडे पाहून हंसूं येणें कठीण. त्या फलाटावर कोणीं प्राण सोडला तर कोणत्या टोंकास सोडला ह्यावर दाखल्याची भाषा अवलंबून राहील.

नांव चुकीचें पडलें तर दुरुस्ती होते, पण खोडून नव्हे. अधिनियमाच्या पंधराव्या कलमाप्रमाणें निबंधकानें मूळ नोंदीस हात न लावतां समासांत दुरुस्ती लिहावयाची, खालीं सही व तारीख घालावयाची. चुकलेलें अक्षरहि तेथें कायम राहतें. ही पद्धति शहाणपणाची आहे. मागाहून कोणीं संशय घेतला तर दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असतात. दाखल्याविषयीं दुसरीहि एक गोष्ट फारशी ठाऊक नाहीं. मृत्यूचें कारण वहींत लिहिलेलें असतें, परंतु नातेवाइकांस मिळणाऱ्या उताऱ्यांत तें दाखवावयाचें नाहीं असा सतराव्या कलमाचा निर्बंध आहे. विम्याच्या कचेरीनें कारण मागितलें तर त्यासाठीं डॉक्टरांचा कागद वेगळा जपून ठेवला पाहिजे. नगरपालिकेशीं त्याबद्दल वाद घालून उपयोग नाहीं.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें ज्यास वाटेल त्यानें एकदां सातबारा पाहावा. मयताचें नांव कमी होऊन वारसांचीं नांवें चढावयाचीं तर तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आंत वर्दी द्यावी लागते, आणि वर्दीबरोबर पहिला कागद मृत्यूचा दाखला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ज्या आदिवासी कुटुंबांस कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे मिळाले, त्यांची स्थिति अधिक नाजुक. हे पट्टे विकतां येत नाहींत, पण वारसाहक्कानें पुढें जातात. पट्टेधारक मेला आणि दाखला नाहीं, म्हणजे जमीन मुलाच्या नांगराखालीं आणि कागद मयताच्या नांवावर. दारिद्र्यरेषेखालील घराचा मिळवता मनुष्य साठीच्या आंत गेला तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेंत २०,००० रुपये एकरकमी मिळूं शकतात. विधवेस निराधार योजनेचा मासिक आधार मिळूं शकतो. बँकेंत त्याचे नांवें पडलेली मजुरीची शिल्लक काढतां येते. ह्यांतील प्रत्येक दारावर तोच एक कागद मागतात, आणि प्रत्येक ठिकाणीं नक्कल ठेवून घेतात. म्हणून आरंभींच पांच-सहा प्रति काढून ठेवणें बरें.

आतां जुन्या मृत्यूंविषयीं. डोंगरांतल्या पुष्कळ मृत्यूंची नोंद त्या त्या वेळीं झालेलीच नाहीं. अशा वेळीं प्रथम ज्या त्या निबंधकाकडे शोधाचा अर्ज करावा. नोंद नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला नमुना दहामध्यें मिळतो, आणि तो जोडून दंडाधिकाऱ्याकडे जावयाचें असतें. खोट्या अर्जांची ओरड झाल्यावर २०२५ सालीं राज्य सरकारनें ह्या उशीराच्या अर्जांची छाननी अधिक कडक केली. त्यामुळें खऱ्या अर्जदारासहि पुराव्याची तयारी नीट करावी लागते, आणि त्यांत सर्वांत अवघड प्रश्न तारखेचा. म्हातारी सांगते, काठीच्या होळीनंतर चौथ्या दिवशीं गेला. अक्कलकुवें तालुक्यांतील काठी संस्थानची होळी सबंध सातपुड्यांत प्रसिद्ध. ती फाल्गुनी पौर्णिमेची, तेव्हां महिना व दिवस पंचांगावरून निश्चित होतो. राहतें तें साल. म्हातारीस साल येत नाहीं, पण धाकट्यास शाळेंत घातलें त्याच वर्षीं, एवढें तिला पक्कें आठवतें. गांवच्या शाळेच्या जनरल रजिस्टरांत त्या मुलाच्या दाखल्याची तारीख असते. ही वही चाळून पाहण्याची बुद्धि फार थोड्या अर्जदारांस होते. मुख्याध्यापकाकडे गेल्यास पाव तासाचें काम. अर्थात् शाळेच्या वहीनें मृत्यु सिद्ध होत नाहीं. सालाचा माग लागतो, आणि पंचांचे जबाब त्या सालाभोंवतीं जुळतात. जो मनुष्य नुसता नाहींसा झाला, ज्याचें प्रेत नदीनें परत दिलें नाहीं, त्याची वाट निराळी आहे: सात वर्षें त्याची वार्ता त्याच्या माणसांस नसेल तर तो मयत मानण्याबद्दल दिवाणी न्यायालयाकडे जावें लागतें.

शहरांतल्या कुटुंबांत ह्याच कामीं जुनीं वर्तमानपत्रें उपयोगी पडतात. मृत्युवार्तेचें कात्रण दाखल्याच्या जागीं चालत नाहीं, परंतु तारीख, गांव आणि आप्तांचीं नांवें त्यांत एकत्र सांपडतात. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतहि क्रियेस आलेल्या यजमानाच्या हातची घराण्याची नामावळि उतरलेली असते. ज्यांच्या घरचें कोणी अस्थि घेऊन गोदेवर गेलें होतें त्यांनीं तेथें विचारून पाहावें. नंदुरबार शहरास एक मृत्युदिन तोंडपाठ आहे: ९ सप्टेंबर १९४२. त्या दिवशीं तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शाळकरी शिरीषकुमार मेहता व त्याच्या बरोबरीचे लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम हे हुतात्मे झाले. त्यांचें स्मारक भर चौकांत उभें आहे. त्याच साली त्याच तालुक्यांत तापानें, हगवणीनें, बाळंतपणांत गेलेल्यांसाठीं स्मारक नाहीं. कोठें असेल तर गांवच्या वहींतली एक ओळ.

ह्या वहीस लोक कोतवाल बुक म्हणतात. महसुली भाषेंत गांव नमुना चौदा. १९७० पूर्वींच्या जन्ममृत्यूंसाठीं ग्रामपंचायतींत नव्हे, तर तालुक्याच्या अभिलेख कक्षांत हिचा शोध करावा. जुन्या पानांवर बहुधा मोडी लिपि असते, रकाने थोडे, शाई फिकी. मयताचें नांव, बापाचें वा नवऱ्याचें नांव, जात, वय, आणि रोग. रोगाच्या रकान्यांत देवी, पटकी, सर्पदंश असे शब्द, आणि बहुतेक जागीं नुसता ताप. १९१८ च्या शरदांत इन्फ्लुएन्झाच्या साथीनें मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें गेलीं. त्यांपैकीं कितीएक ताप ह्याच सदराखालीं निजलेलीं आहेत, आणि लिहिणारेच आजारी पडल्यामुळें कितीएक लिहिलींच गेलीं नाहींत.

ही वही आज जिवंत झाली आहे ती निराळ्याच कारणानें. अनुसूचित जमातीचें प्रमाणपत्र तपासून घेतांना ६ सप्टेंबर १९५० पूर्वींचा कागद अधिक वजनाचा मानला जातो. त्या काळीं डोंगरांतलीं पोरें शाळेंत क्वचित् जात, तेव्हां शाळेचा दाखला नाहीं. जमीन नांवावर नाहीं, तेव्हां सातबारा नाहीं. राहतो तो पणज्याचा किंवा पणजीचा मृत्यु. जातीच्या रकान्यांत भिल्ल, मावची, पावरा असें जें कोणा पाटलानें वा कारकुनानें घाईंत लिहिलें, त्यावर आज नातवंडाच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील जागेचा निकाल लागूं शकतो. नुसतें कोळी लिहिलें कीं टोकरे कोळी लिहिलें, एवढ्या एका शब्दावरून खानदेशांत किती वर्षें भांडणें चालली आहेत, हें वकिलांस विचारावें.

शोध करतांना आजचा पत्ता विसरावा लागतो. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. त्यापूर्वींची जिल्हा कचेरी धुळ्यास. त्याच्या मागें गेलें तर जिल्ह्याचें नांव पश्चिम खानदेश, आणि १९०६ पूर्वीं सगळा मिळून एकच खानदेश. अर्जांत ‘जिल्हा नंदुरबार’ एवढेंच लिहून १९४० सालची नक्कल मागणाऱ्यास नोंद आढळत नाहीं असें उत्तर मिळालें तर त्यांत नवल नाहीं. दुसरी गोष्ट अधिक बिकट. १ मे १९६० रोजीं राज्यें वेगळीं झालीं तेव्हां पश्चिम खानदेशांतील १५६ गांवें गुजराथेकडे गेलीं. त्यांतल्या निझर, उच्छल ह्या बाजूचीं आज तापी जिल्ह्यांत आहेत. ज्याचा आजा त्या गांवीं १९६० पूर्वीं वारला, त्याची नोंद मराठी अंमलांत लिहिली गेली आणि आतां तिचा शोध पलीकडच्या कचेऱ्यांतहि करावा लागतो. तिसरी गोष्ट सरदार सरोवराच्या विस्थापितांची. मणिबेली आणि नर्मदाकांठचीं दुसरीं गांवें पाण्याखालीं गेलीं, माणसें तळोदें-शहाद्याकडच्या वसाहतींत आलीं. परंतु तेथें येण्यापूर्वीं जे मेले ते जुन्या गांवींच मेले. त्यांच्यासाठीं अर्ज जुन्या गांवाच्या नांवानें, अक्कलकुवें किंवा अक्राणी तालुक्यांत करावा. गांव नकाशावर नसलें तरी अर्जाच्या त्या रकान्यांत नांव त्याचेंच पडलें पाहिजे.

नक्कल हातीं आल्यावर मोडी जाणणाऱ्या माणसाकडून तिचें देवनागरी लिप्यंतर सहीनिशीं करून घ्यावें व दोन्ही कागद समितीपुढें एकत्र ठेवावेत. समितीचें दक्षता पथक नकलेवर विसंबून राहत नाहीं. तें तालुक्यास जाऊन मूळ वही उघडतें, शाई व अक्षर वरच्या-खालच्या ओळींशीं ताडून पाहतें. वही उघडावयास ते येतील तेव्हां पान जागेवर असावें म्हणून अर्जदारानें नक्कल घेतांनाच पानाचा क्रमांक, नोंदीचा क्रमांक आणि वहीवरील साल आपल्या कागदावर लिहून ठेवावें.